पाचवी ओळ

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आहे, ही बातमी मला सर्वांत शेवटी कळली. माझ्याआधी ती आमच्या हिला कळली होती, वरच्या मजल्यावरच्या चौकशीकाकांना कळली होती आणि दूधवाल्यालाही कळली होती. कारण एका सकाळी मी त्याच्याऐवजी जिन्याच्या कठड्यावर वाळत घातलेल्या रेनकोटाला ‘आज एकच पिशवी दे’ असं सांगितलं होतं. रेनकोटानं उत्तर दिलं नाही, तेव्हा ‘हल्ली कुणाला नीट बोलायला नको’ असा शेराही मारला होता. एवढं होऊनही मी डोळ्यांना दोष दिला नाही. दिव्यांना दिला. छपाईला दिला. वर्तमानपत्रवाले शाईत काटकसर करतात, हे माझं मत मी इमारतीतल्या बऱ्याच जणांना पटवूनही दिलं होतं.

मला स्वतःला पटलं ते एका गणितामुळे.

निवृत्त झाल्यापासून मी संध्याकाळी घराच्या बाहेरच्या खोलीत आसपासच्या मुलांना शिकवतो. तिला शिकवणी म्हणता येणार नाही, कारण शिकवणीत घड्याळ असतं. आमच्याकडे एक फळा, एक सतरंजी आणि भरपूर आवाज असतो. या मुलांत चौथीतली एक मुलगी आहे. कोणतीही गोष्ट पुराव्याशिवाय मान्य करायची नाही असा तिचा बाणा असल्यामुळे बाकीची मुलं तिला वकीलबाई म्हणतात. तर या वकीलबाईंच्या वहीतल्या एका उत्तरावर मी लाल पेन्सिलीनं फुली मारली. चांगली मोठी मारली, कारण बारीक फुली मला हल्ली काढता येत नव्हती.

ती वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“सर, सात आठे किती?”

“छप्पन्न.”

“मी किती लिहिलंय?”

“एकोणसाठ.”

“सर, मी छप्पन्नच लिहिलंय.”

मी वही डोळ्यांजवळ नेली. मग हात ताठ करून लांब नेली. मग खिडकीशी नेली. तिथे एक पाच होता हे नक्की, आणि त्या पाचाशेजारी एक धुरकट प्राणी अंगाचं मुटकुळं करून बसला होता. तो सहा आहे की नऊ, हे त्यालाच विचारावं लागलं असतं.

तिनं भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण ती एवढंच म्हणाली, “असू दे सर. मला माहितीये ते बरोबर आहे.” आणि फुलीवरून हळूच बोट फिरवून तिनं वही दप्तरात ठेवली.

मुलं गेल्यावर मी फळा पुसला आणि हिला सांगितलं, “डोळे नीट होईपर्यंत वर्ग बंद.”

“आणि नाही झाले तर?”

“तर बंद. बरोबर उत्तरावर फुली मारणारा मास्तर कुणाच्या कामाचा?”

ही उठली. तिनं सतरंजीची घडी केली आणि कपाटावर ठेवली. एरवी ती सतरंजी पलंगाखाली असते. कपाटावर आम्ही फक्त लागणार नाहीत अशा वस्तू ठेवतो.

स्वतःच्या खर्चानं शस्त्रक्रिया करून घेणं आमच्या पेन्शनला झेपणारं नव्हतं. पण आमच्याकडे सरकारी आरोग्य विमा योजनेचं कार्ड होतं. त्यावर माझा एक फोटो आहे, आणि त्या फोटोत मी माझ्यावरचे सर्व आरोप फेटाळून लावतो आहे असं वाटतं. हे कार्ड आजवर कधी वापरायची वेळ आली नव्हती. आता प्रश्न एवढाच होता, की हे कार्ड चालतं असा डोळ्यांचा डॉक्टर शोधायचा.

‘एवढाच’ हा शब्द मी त्या दिवशी वापरला होता. पुढे बरेच दिवस तो मला हिच्या तोंडून ऐकावा लागला.

चौकशीकाका मदतीला धावून आले. हे गृहस्थ जन्मभर एका कार्यालयात ‘चौकशी’ असं लिहिलेल्या खिडकीमागे बसले होते, आणि निवृत्तीनंतर ती खिडकी ते मनातल्या मनात घरी घेऊन आले आहेत. त्यांना सगळं ठाऊक असतं. फक्त ते सांगण्यापूर्वी आपण चुकीच्या जागी आलो आहोत अशी समोरच्याची खात्री पटवून देतात.

“मास्तर, आधी मला का नाही विचारलंत?”

“आता विचारतोय.”

“आता उशीर झाला. बरं, ते राहू दे. मोतीबिंदूला काही करायचं नसतं. गार पाण्याचे हबके मारा, सकाळी झाडांकडे बघा आणि एका डोळ्यानं भागवा. आमचे एक साहेब शेवटपर्यंत एका डोळ्यानं सह्या करत होते.”

“कसल्या सह्या?”

“ते त्यांनाही दिसत नव्हतं.”

मी योजनेच्या मदत क्रमांकावर फोन केला. एका ध्वनिमुद्रित बाईनं मला कोणत्या आजारासाठी कोणतं बटण दाबायचं ते शांतपणे सांगितलं. डोळ्यांसाठी चार होतं. मला दिसेल त्या चारवर मी बोट ठेवलं. पलीकडून एक जिवंत बाई आल्या.

“नाव आणि वय सांगा.”

मी सांगितलं.

“तुमचं नाही हो. पेशंटचं.”

“पेशंट मीच.”

पलीकडचा आवाज फार हळुवार झाला. “आजोबा, बाळंतपण कुणाचं आहे?”

मी सांगितलं की आमच्याकडे कुणाचंही नाही. त्या म्हणाल्या, “मग घाबरू नका, घरातल्या मोठ्या माणसाला फोन द्या.” सत्तरीच्या माणसानं घरातलं मोठं माणूस कुठून आणायचं? मी फोन हिला दिला. हिनं कपाळावर हात मारून आधी माझी बाजू मांडली, मग माझा मोतीबिंदू मांडला, आणि मग त्या बाईंच्या गुडघेदुखीवर दोघी बराच वेळ बोलल्या. शेवटी असं कळलं, की योजनेतल्या डॉक्टरांची यादी सरकारी कचेरीत भिंतीवर लावलेली आहे.

होती. इतक्या बारीक अक्षरांत होती की ती ज्याला वाचता आली असती, त्याला डोळ्यांच्या डॉक्टरची गरजच पडली नसती. यादीसमोर माझ्यासारखीच चार-दोन मंडळी मान मागे-पुढे करत उभी होती. लांबून पाहणाऱ्याला आम्ही यादीला नमस्कार करतो आहोत असं वाटलं असतं. पत्ते हिनं वाचले आणि मी पाठ केले. पाठ करण्याच्या बाबतीत माझा हात अजून कुणी धरू शकत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मला ते फार महागात पडलं.

पहिल्या पत्त्यावर गाद्यांचं दुकान निघालं. डॉक्टर केव्हाच जागा सोडून गेले होते, यादीतून मात्र गेले नव्हते. दुकानदार भला माणूस होता. “डोळे का?” त्यानं विचारलं. “बसा जरा. रोज कुणी ना कुणी येतं. काय आहे, तुम्हा लोकांना पाटी दिसत नाही, मग तुम्ही सरळ आत येऊन गादीवरच आडवे होता. परवा एकजण शर्टाची बटणं काढायला लागले.”

दुसऱ्या पत्त्यावर डॉक्टर होते. काचेचं दार होतं, थंडगार हवा होती आणि टेबलामागे एक नीटनेटकी मुलगी होती.

“इथे योजनेचं कार्ड चालतं का?” मी विचारलं.

“हो, आम्ही योजनेत आहोत.”

“मग हे माझं कार्ड.”

“योजनेत आहोत काका, पण योजनेचे पेशंट घेत नाही.”

मी आयुष्यभर मुलांना वाक्यांचा अर्थ समजावून सांगितला आहे. या वाक्याशी मी जिन्यातून उतरेपर्यंत झगडलो, आणि शेवटची पायरी न दिसल्यामुळे एका अनोळखी माणसाला कडकडून भेटलो. त्यानंही पाठीवर थोपटलं. बहुधा तोही वरच निघाला होता.

असेच आणखी काही पत्ते झाले. एका ठिकाणी योजना होती पण यंत्र बिघडलं होतं. एका ठिकाणी यंत्र होतं पण ते फक्त लहान मुलांसाठी होतं. तिथे मी अंमळ रेंगाळलो; भिंतीवर रंगीत चित्रं होती आणि एका छोट्या मुलाला मी ससा कसा काढायचा ते दाखवलं. तो म्हणाला, “आजोबा, ही किटली आहे.”

मग एके दिवशी चौकशीकाका खाली आले आणि म्हणाले, “मास्तर, माझ्या मेव्हणीच्या शेजारणीचे डोळे झाले. योजनेतून.” पत्ता त्यांनी लगेच दिला नाही. आधी आम्हाला चहा करायला लावला.

ते दवाखान्याचं ठिकाण जुनं होतं, भिंतींचा रंग उडालेला होता, पण कार्ड चालत होतं. खिडकीतल्या माणसानं माझं कार्ड घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि परत न देता स्वतःजवळ ठेवलं. इतक्या दिवसांत माझं कार्ड प्रथमच कुणी ठेवून घेतलं होतं. मला गहिवरून आलं.

बाहेरच्या खोलीत बाकांवर आम्ही सगळे मोतीबिंदूवाले ओळीनं बसलो होतो. माझ्या एका बाजूला एक शिवणकाम करणाऱ्या आजी होत्या. सुईत दोरा ओवता येईना म्हणून आल्या होत्या. दुसऱ्या बाजूला एक जाडजूड ट्रकवाले होते. ते सारखे म्हणत होते, “मला लांबचं दिसतं हो, फक्त जवळ येईपर्यंत ते काय आहे ते कळत नाही.” हे ऐकून आम्ही सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं की घरी पायीच जायचं. तपासणीची खोली समोर होती. तिथली तपासनीस बाई एकेकाला आत घेऊन भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगत होती. दाराशी एक शिपाई नंबर पुकारत होता.

शिवणकामवाल्या आजींच्या मांडीवर त्यांची नात होती. ती कंटाळून रडायला लागली. आता, मूल रडत असलं की मला बसवत नाही. नेमका त्याच वेळी आत एक बाजारात भाव पुकारणारे गृहस्थ गेले होते. त्यांचे डोळे ठणठणीत होते, फक्त खाजत होते. त्यांनी तक्ता असा खणखणीत वाचला की दाराची कडी वाजली. “च! ग! प! र! व! ट!” मी नातीला म्हटलं, “ऐक, ऐक, आत काय गंमत चाललीये. आपण त्याचं गाणं करू या.” आणि एकेक अक्षर येईल तसा त्यावरून सुरू होणारा शब्द मी जुळवत गेलो:

चल गं पोरी, रानात वाट टेकडीची,
नदीतला खेकडा मागे लागला,
दार झाकून काकू सांगते, बाहेरच हो!

नात हसली. तिला खेकडा आवडला. मी पुन्हा म्हटलं. आजींनी म्हटलं. ट्रकवाल्यांनी मांडीवर ठेका धरला. थोड्या वेळानं आख्ख्या बाकावर खेकडा मागे लागला होता. वर्ग बंद केल्यापासून इतका चांगला वर्ग मला मिळाला नव्हता. मी खुशीत होतो. या सगळ्याचा डोळ्यांशी काही संबंध आहे, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. देवाशपथ नव्हतं.

माझा नंबर आला. तपासनीस बाईनं मला खुर्चीवर बसवलं, एका डोळ्यावर झाकण दिलं आणि म्हणाली, “दिसेल तिथपर्यंत वाचा, आजोबा.”

समोर भिंतीवर काहीतरी पांढरं होतं. तो तक्ता असावा. टॉवेलही असू शकला असता. वरचा ‘च’ मात्र मला खरोखर दिसला, कारण तो माझ्या पंजाएवढा होता. मी ‘च’ म्हटलं. आणि मग काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. परीक्षा म्हटली की माझी पाठ आपोआप ताठ होते. समोर कुणीतरी प्रश्न विचारून थांबलं आहे आणि मला उत्तर येत आहे, अशा वेळी गप्प बसायचं शिक्षण मला मिळालेलंच नाही. माझं तोंड सुटलं. टेकडी गेली, नदी गेली, खेकडा गेला, काकूनं दार झाकलं आणि मी ‘ह’ वर येऊन थांबलो.

“वा, आजोबा!” बाई म्हणाली. “शेवटची ओळ!”

दुसऱ्या डोळ्याचंही तसंच झालं. पुन्हा “वा!” झालं. मला इतक्या वर्षांत कुणी पैकीच्या पैकी दिले नव्हते. खरं सांगायचं तर मला आनंद झाला, आणि त्या आनंदात मी तिथे कशाला आलो होतो हे पार विसरून गेलो.

मग डॉक्टरांनी यंत्रातून माझे डोळे पाहिले. बराच वेळ पाहिले. “दोन्ही मोतीबिंदू चांगले पिकलेत,” ते म्हणाले. मग त्यांनी बाईचा कागद पाहिला. मग मला पाहिलं. मग पुन्हा यंत्रातून पाहिलं.

“तुम्हाला शेवटची ओळ दिसते?”

बाई शेजारी उभी होती. नुकतंच मला ‘वा’ म्हणाली होती. मी काहीतरी खाकरलो.

“मग शस्त्रक्रिया नाही होणार,” डॉक्टर म्हणाले. “योजनेचा संगणक एकच विचारतो, कितव्या ओळीपर्यंत दिसतं. शेवटची म्हटलं की तो नाही म्हणतो.”

“पण मोतीबिंदू पिकलाय म्हणालात ना? डॉक्टर तुम्ही की तो?”

“डॉक्टर मी. मंजुरी त्याची.”

त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. बोललो नाही. कार्ड घेऊन घरी आलो. हिनं दारातच विचारलं, “काय म्हणाले?”

“डोळे उत्तम आहेत म्हणाले.”

“कुणाचे?”

चौकशीकाकांनी ही आनंदाची बातमी सर्व मजल्यांवर पोचवली. लोक अभिनंदनाला आले. मी त्यांना कपबश्या दिल्या आणि चहा शेजारच्या टेबलावर ओतला. सगळे गेल्यावर हिनं टेबल पुसलं आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

“हं. आता खरं सांगा.”

मी सांगितलं. गाण्यासकट सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

“अहो, ‘येत नसेल तर येत नाही म्हणा, पोपटपंची करू नका,’ हे पोरांना कोण सांगतं?”

“मी.”

“मग?”



काही दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. त्या दिवशी तपासलेल्या सगळ्या मोतीबिंदूवाल्यांना फेरतपासणीसाठी बोलावलं होतं. ही माझ्याबरोबर निघाली. जिन्यात वकीलबाई दप्तर न घेता उभी होती.

“तू कुठे?”

“तुमच्याबरोबर. आईला विचारलंय.”

“तुझं काय काम आहे तिथे?”

“वर्ग कधी सुरू होणार ते कुणी सांगतच नाही. मी डॉक्टरांनाच विचारते.”

दवाखान्यात बाक भरलेला होता, आणि तो बाक अभ्यास करत होता. ट्रकवाले डोळे मिटून पुटपुटत होते. शिवणकामवाल्या आजींनी मला आवाजावरून ओळखलं आणि अभिमानानं म्हणाल्या, “मास्तर, मी रोज म्हणत होते बरं का. नात चुकली तर तिलाही सांगत होते. आज काही अडायचं नाही!”

या सगळ्यांना मी पास करून ठेवलं होतं. त्यांना वाटत होतं की तक्ता वाचता आला की शस्त्रक्रिया मिळते, आणि मागच्या वेळी काहीतरी थोडक्यात राहून गेलं. मी उभा राहून खरी गोष्ट सांगितली. बाकावर आधी कुणाला काही कळलं नाही. मग कळलं.

“म्हणजे नापास झालो असतो तर डोळे झाले असते?” ट्रकवाले म्हणाले.

“हो.”

“अहो मास्तर, आयुष्यभर मी न शिकवता नापास होत आलो! एकदाच नापास व्हायची गरज होती, आणि त्याच वेळी तुम्ही भेटलात!”

मी मान खाली घातली. आजींनी नातीला जवळ ओढलं आणि तिच्या फ्रॉकच्या उसवलेल्या शिवणीवरून बोटं फिरवली. डोळ्यांनी दिसत नसलं की माणूस बोटांनी पाहतो. मला वकीलबाईची ती फुली आठवली.

इतक्यात डॉक्टर आणि तपासनीस बाई बाहेर आले. डॉक्टर म्हणाले, “मला एक समजत नाही. त्या दिवशी तुम्हा सगळ्यांना शेवटची, म्हणजे सहावी ओळ दिसली. पण या बाईंनी आता टिपणं नीट पाहिली तर डोळे खाजणारे ते एक गृहस्थ सोडले तर पाचवी ओळ एकालाही दिसलेली नाही. चौथीवरून सगळे थेट सहावीवर. असं कसं?”

मला मात्र लख्ख समजलं. ते भाव पुकारणारे गृहस्थ पाचव्या ओळीवर आले, तेव्हाच शिपायानं दारातून नंबर पुकारला होता. पाचवी ओळ आम्हाला ऐकूच आली नव्हती. नोकरीत असताना कॉपी पकडायची माझी पद्धत हीच होती. बरोबर उत्तरांवरून कॉपी कळत नाही. सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट गाळली की कळते. किती पोरांना मी या एका युक्तीवर बाकावर उभं केलं असेल! आज सगळ्या बाकाचा पेपर माझ्यावरून उतरवलेला होता.

मी हात वर केला. वर्गात करतात तसा, बोट वर करून.

“बाई, मी केलं ते. यांना काही माहीत नव्हतं.”

मी सगळं सांगितलं. बाई तोंडाला पदर लावून हसत असावी. मला दिसत नव्हतं, म्हणून मी ती रागावली आहे असंच धरून चाललो. डॉक्टर मात्र खरंच गंभीर होते.

“मोठी पंचाईत आहे. योजनेनं मंजूर केलेला तक्ता हा एकच. दुसरा लावला तर तपासणी धरत नाहीत. आणि हा तर तुम्हा सगळ्यांना पाठ. आता मुद्दाम चुकीचं वाचू नका, ते खोटं होईल. पण बरोबर वाचलंत तरी खोटंच होईल.”

चौकशीकाका असते तर आपण मुळात चुकीच्या ठिकाणी आलो आहोत असं म्हणाले असते, आणि त्या वेळी ते मलाही पटलं असतं.

“मधूनच विचारा ना,” वकीलबाई म्हणाली.

“काय?”

“सर आम्हाला पाढे मधूनच विचारतात. ओळीनं कुणालाही येतात. बाईंनी काठी घेऊन मधल्याच एका अक्षरावर ठेवायची आणि विचारायचं, हे काय. मग कळतं खरं येतंय की घोकलंय.”

डॉक्टरांनी बाईकडे पाहिलं. बाई आत जाऊन पडद्याची काठी घेऊन आली.

पहिला नंबर मी मागून घेतला. दार उघडं ठेवलं होतं. सगळा बाक मान लांब करून पाहत होता, म्हणजे पाहायचा प्रयत्न करत होता. मी खुर्चीवर बसलो. बाईनं तक्त्यावर कुठेतरी काठी ठेवली.

“हे काय?”

पांढऱ्यावर काठीची एक काळी रेघ दिसत होती. तिच्या टोकाला काहीतरी होतं. काठी साधारण मध्यावर आहे, म्हणजे तिसरी ओळ असणार, म्हणजे टेकडीच्या आसपास... चल गं पोरी, रानात...

“सर,” दारातून आवाज आला. “मनात पहिल्यापासून म्हणायचं नाही.”

हे वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझं. हे मी किती मुलांना सांगितलं आहे! तेरा साते विचारलं की पोरं ओठ हलवत ‘तेरा एके तेरा’पासून धावत सुटतात आणि मी त्यांना अडवतो. अडवल्यावर त्यांना आतून कसं वाटत असेल, हे मला त्या खुर्चीवर बसेपर्यंत ठाऊक नव्हतं. आत सगळं पाठ असतं, आणि तरी समोर काही नसतं.

मी ओठ मिटले. समोर पाहिलं. फक्त पाहिलं.

“दिसत नाही,” मी म्हणालो.

“हे?”

“दिसत नाही.”

“आणि हे?”

“नाही दिसत, बाई.”

बोलून झाल्यावर मला अगदी हलकं वाटलं. दारातून ट्रकवाल्यांचा आवाज आला, “मास्तर नापास!” आणि बाकावर असा आनंद झाला की शिपाई धावत आला.

मग एकेकजण आत जाऊ लागला आणि नापास होऊन बाहेर येऊ लागला. प्रत्येकाचं स्वागत होत होतं. ट्रकवाले दोन्ही डोळ्यांत नापास झाले आणि दोन्ही हात उंचावून बाहेर आले. शिवणकामवाल्या आजी बाहेर आल्या तेव्हा माझ्यासमोर थांबल्या. “मला वरचा ‘च’सुद्धा धड दिसला नाही हो मास्तर,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात जे समाधान होतं, ते मी पहिल्या आलेल्या मुलांच्या आवाजातही ऐकलेलं नाही. संगणकानं त्या दिवशी सगळ्यांना मंजुरी दिली. परत निघताना वकीलबाई डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, “वर्ग कधी सुरू होईल?” डॉक्टरांनी तिला आधी डावा डोळा, मग उजवा डोळा, मग चष्मा, असं सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं ते पुन्हा एकदा मधूनच विचारून खात्री करून घेतली.

दोन्ही डोळे झाले. नवा चष्मा आला. वर्तमानपत्राची शाई एकदम सुधारली. ही म्हणाली, “माझ्याकडे काय बघताय एवढं?” मी म्हटलं, “काही नाही.” मी बरेच दिवस न पाहिलेलं पाहत होतो, पण हे सांगायची आमच्यात पद्धत नाही. तिनं कपाटावरची सतरंजी काढली, झटकली आणि बाहेरच्या खोलीत अंथरली. त्या धुळीतला कण न् कण मला दिसला.

संध्याकाळी मुलं आली. वकीलबाईनं सर्वांत आधी तीच वही, तेच पान माझ्यापुढे धरलं. छप्पन्न. ठसठशीत छप्पन्न, सहाची शेपटीसुद्धा नीट वळवलेली. माझ्या फुलीखाली ते इतके दिवस तसंच बसून होतं. मी फुली रबरानं खोडली. लाल रंग पूर्ण जाईना, तेव्हा त्यावरच बरोबरची खूण केली आणि शेजारी तारीख घातली.

मग फळ्यावर काही न लिहिता मी पाढे विचारायला घेतले. मधूनच. तिचीही पाळी आली.

“तेरा साते?”

ती उभी राहिली. हात पाठीमागे बांधलेले, नजर सरळ माझ्याकडे, चेहरा एकदम निर्दोष. आणि ओठ हलत होते. अगदी बारीक, जेमतेम, कडेकडेनं. तेरा एके, तेरा दुणे, तेरा त्रिक... किती वर्षं ती माझ्यासमोर हे असं करत आली असेल, आणि मला कधी दिसलं नव्हतं. आज प्रत्येक आकडा दिसत होता.

बाकीची मुलं माझ्याकडे पाहत होती. सर आता अडवणार, हे त्यांना ठाऊक होतं.

मी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं त्याच्या काचा सावकाश पुसल्या, आणि ती ‘तेरा सक’पर्यंत पोचेस्तोवर पुसत राहिलो.